मागची आस

परवा सकाळी दुकान उघडायला निघालो, तर गांधीबाजाराच्या वळणावर तो वास आला. हिरवा, तेलकट, जरासा उग्र. वळून पाहायची गरजच नव्हती. गोणपाटावर अवरेच्या शेंगांचा ढीग ओतलेला असणार आणि भोवती उकिडव्या बसलेल्या बायका एकेक शेंग नाकाशी नेऊन हुंगत असणार. या वासाला कन्नडमध्ये सोगडु म्हणतात. पुण्याकडचे पाहुणे आले की म्हणतात, "अरे, हे तर आपले पावटे!" आम्ही मान हलवतो. पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहून आमच्या घरची मराठी जशी स्वल्प निराळ्या वळणाची झाली, तसे पावटेही अवरे होऊन गेलेत. थंडी पडली, सकाळी खिडकीच्या काचा धूसर दिसायला लागल्या की ते येतात आणि संक्रांत उलटून गेली की हळूहळू नाहीसे होतात. मधल्या दिवसांत उप्पीट, आमटी, भात, जे ताटात पडेल त्यात अवरे.

इतरांना या वासानं आई आठवत असेल, शाळा आठवत असेल. मला मोटारीचा मागचा ॲक्सल आठवतो. दुकानाचं शटर वर ढकलतानाही तोच डोक्यात होता.

माझं औषधांचं दुकान आहे, बसवनगुडीत. माणसं डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येतात, मी फळीवरून खोकं काढतो. दिवसभर मी दुसऱ्यानं घेतलेला निर्णय कागदी पिशवीत घालून देत असतो. या धंद्यानं मला स्वतःहून काही ठरवायची सवय राहिली नाही, असं वीणा म्हणते. वीणा माझी बायको. खानापूरकडची. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडं येणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. कुणाचा खुबा मोडलेला, कुणाचा गुडघा बदललेला. चारचौघांत ती मला अहो म्हणते आणि घरात अरे. माझी आई होती तोवर घरातही अहो म्हणायला हवं होतं, पण वीणाचं तेव्हाही असंच होतं.

आणि गाडी. एक ओळखीचे गृहस्थ कायमचे परदेशी निघाले, त्यांच्याकडून मी ती घेतली. लांब नाकाची जुनी देशी सेडान, मागच्या चाकांवर चालणारी. त्यांनी हौसेनं तिच्यात सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन बसवलं होतं, रीतसर परवानगी काढून. मूळच्या इंजिनाच्या पाचपट तरी ताकद असेल. गिअरबॉक्स बदलला होता, ब्रेक बदलले होते. मागचा ॲक्सल तेवढा मूळचा होता, तो बदलायचा राहून गेला होता.

ज्यांनी कधी गाडीखाली वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ॲक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधे आडवी असलेली लोखंडी नळी. मधोमध भोपळ्यासारखा फुगवटा, त्यात दातेरी चाकं. इंजिनाची ताकद पुढून येते, इथं काटकोनात वळते आणि नळीच्या आतल्या दोन पोलादी दांड्यांमधून डाव्या-उजव्या चाकापर्यंत जाते. जुन्या मराठीत बैलगाडीच्या या दांड्याला आस म्हणत. आस म्हणजे ओढ, आस म्हणजे आशाही. हे मला कुठंतरी वाचायला मिळालं तेव्हा मी मोठ्या उत्साहानं वीणाला सांगायला गेलो. ती म्हणाली, "आमच्याकडं आख म्हणतात. त्यातून असलं काही निघत नाही."

काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यातला तो रविवार. आनेकलला शेतावरच ताजे अवरे मिळतात म्हणून आम्ही दोघं निघालो होतो. आनेकल गाव मागं टाकल्यावर रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना नाचणी कापून झालेली रानं, मधेच अवरेचा हिरवा पट्टा, लांब कुठंतरी एखादं निलगिरीचं बन. ऊन कोवळं होतं. खिडक्या उघड्या होत्या. पुढं चिटपाखरू नव्हतं, आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. त्या गाडीत पाय दाबला की आधी क्षणभर काही होत नाही. मग पाठीमागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तशी ती सुटते. मला ते फार आवडायचं. अजूनही आवडतं, खोटं कशाला सांगू.

ती सुटली आणि नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. गाडीची मागची डावी बाजू एकदम बसली. खाली लोखंड डांबराला घासायला लागलं. मी स्टिअरिंग घट्ट धरून होतो, आणि मला दिसलं की आमच्या पुढून एक चाक चाललंय. खरं सांगतो, माझ्या मनात आलं, हे कुणाचं चाक? कुणाचं तरी चाक निघालेलं दिसतंय, बिचारा.

"चाक," वीणा म्हणाली. एवढंच.

चाकानं रस्ता सोडला, चर ओलांडताना ते उंच उडालं आणि अवरेच्या शेतात शिरलं. तिथं एक म्हातारी बाई टोपलीत शेंगा तोडत होती. चाक तिच्या अंगावरूनच गेलं असं मला वाटलं. ते गेलं होतं तिच्या शेजारून, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावरून. पुढं बांधावर आदळून ते गोल गोल फिरत आडवं झालं.

गाडी थांबली तशी आम्ही दोघं धावलो. म्हातारी उभी होती. टोपली तिच्या हातातच होती. तिनं आधी चाकाकडं पाहिलं, मग आमच्याकडं. "यारदप्पा इदु?" तिनं विचारलं. हे कुणाचं रे? मी हात जोडले. वीणानं तिला बांधावर बसवलं, मनगट धरून नाडी पाहिली, कन्नडमध्ये तिची चौकशी करत राहिली. म्हातारी म्हणाली, मला वाटलं वासरू सुटलं कुणाचं तरी. मग स्वतःच हसायला लागली. आणि जाताना तिनं वीणाच्या ओढणीत ओंजळी भरभरून शेंगा ओतल्या. आमची चूक, आणि शेंगा तिनं द्यायच्या! मी नको नको म्हणत होतो. वीणानं मात्र ओढणी पसरून धरली.

त्या दिवसानंतर वीणा गाडीबद्दल बोललीच नाही. विक म्हणाली नाही, ठेव म्हणाली नाही. मी चिडलेली बायको ओळखतो. चिडली की ती डबे आपटते, फोनवर बहिणीशी लांबलचक बोलते. यातलं काही नव्हतं. क्लिनिकमधून यायची, संध्याकाळी भिजवलेले अवरे घेऊन बसायची. दाणा चिमटीत दाबला की सालीतून टुणकन सुटतो आणि पातेल्यात पडतो. ती सोलत राहायची आणि मी समोर बसून तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायचो. औषधांच्या चिठ्ठ्या वाचतो मी, डॉक्टरांची असली-नसली अक्षरं लावतो. हे अक्षर लागत नव्हतं.

"वीणा, गाडीचं काय करू?"

"तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं तेच तर कळत नव्हतं.

गाडी ट्रकवर चढवून पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत मगदूमांच्या शेडमध्ये नेऊन ठेवली होती. मगदूम चिकोडीकडचे. तिकडून कामाच्या शोधात आले आणि इथं गिअर आणि शाफ्ट बनवायचं स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. पीण्यात एका शेडमधून लेथचा आवाज येतो, पुढच्या शेडमधून प्रेसचा, त्यापुढच्या शेडमधून भट्टीचा. चालताना पायांखालची जमीन सतत बारीक थरथरत असते. मगदूमांनी गाडीखालून तुटका शाफ्ट काढून माझ्या हातात दिला. मनगटाएवढा दांडा, टोकाशी पिळवटून तुटलेला. ओला टॉवेल पिळावा तशा त्यावर रेघा उमटल्या होत्या.

"काय ओ अण्णा," मगदूम म्हणाले, "इंजान विमानाचं आणि आख सायकलीचा, असं घालून फिरालाय की ओ तुम्ही!"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. नळी तीच ठेवायची, आतले दांडे जाड आणि चांगल्या पोलादाचे करायचे, भट्टीतून कडक करून आणायचे. गाडी दिसायला होती तशीच राहील, वजन वाढणार नाही, पळायला तशीच पळेल. मला पटलं. मी मान हलवली आणि हलक्या मनानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी निखिल दुकानात आला. निखिल पुण्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमची ओळख खोकल्याच्या औषधावरून झाली आणि गाड्यांवर येऊन पक्की झाली. तो काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "दादा, जाड शाफ्ट म्हणजे बँडेज आहे. प्रॉब्लेम तसाच राहतो. तू फुल इंडिपेंडंट रिअर घे. दोन्ही चाकं आपापली हलणार, राइड एकदम मख्खन. इम्पोर्टेड सेडानचं असेंब्ली मी शोधून देतो."

"बसेल ते आपल्या गाडीत?"

"फ्लोअर थोडा कापावा लागेल."

थोडा म्हणजे किती, असं विचारल्यावर त्यानं हात पसरून दाखवलं. मागची सीट ठेवायची सगळी जागाच त्या दोन हातांच्या मधे होती. तेवढ्यात एक आजोबा रक्तदाबाच्या गोळ्या मागायला आले, आणि गोळ्या देतानाही माझ्या डोक्यात गाडीचा तळ कापला जात होता.

मग मी इंटरनेटवर शिरलो. तिथं प्रत्येक जण खात्रीनं बोलत होता. एकानं लिहिलेलं, मोठ्या जीपचा ॲक्सल घ्या, तोच उपाय. दुसऱ्यानं लिहिलेलं, जीपचा ॲक्सल घेणारे नंतर रडतात. कुणी म्हणे दोन्ही चाकांना सारखी ताकद देणारं डिफरन्शियल आधी बसवा. कुणी म्हणे ते बसवलंत तर ओल्या रस्त्यावर गाडी भिंगरीसारखी फिरेल. एकानं तर ॲक्सल मजबूत केला की गिअरबॉक्स तुटतो, गिअरबॉक्स मजबूत केला की त्यामागचा शाफ्ट तुटतो, असं सांगून शेवटी लिहिलं होतं की कुठं तुटलेलं चालेल ते आधी ठरवा. हे वाक्य वाचून मी फोन पालथा ठेवला. मला वाटत होतं, मी न तुटणारी वस्तू शोधतोय.

मी मगदूमांना फोन करून सांगितलं, शाफ्ट करू नका, थांबा. दोन दिवसांनी सांगितलं, करा. मग निखिलनं एका असेंब्लीचा फोटो पाठवला, ते इतकं देखणं होतं की मी मगदूमांना पुन्हा थांबवलं. "सरी अण्णा, ठीक हाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मागं लेथ बंद झाल्याचं मला ऐकू आलं आणि ओशाळल्यासारखं झालं.

त्या दिवसांत मला चाकं दिसायची. बसची, रिक्षांची, भाजीच्या हातगाड्यांची. सिग्नलला थांबलेल्या बसच्या मागच्या चाकाकडं मी टक लावून पाहत राहायचो. त्याच्या मधोमध लोखंडी टोपीसारखा फुगवटा बाहेर आलेला असतो. आजवर हजार वेळा पाहिला असेल, कशाला असतो ते माहीत नव्हतं.

ते कळलं वीणामुळं. तिच्या सुट्टीच्या दिवशी मी पीण्याला निघालो, तर ती चपला घालून दारात उभी. "मी पण येते." एवढे दिवस एक शब्द न बोललेली बाई! मेट्रोत बसल्यावरही ती खिडकीबाहेर पाहत होती. मीही काही विचारलं नाही. विचारलं आणि ती पुढच्या स्टेशनवर उतरली तर, अशी उगाच भीती वाटत होती.

निखिलही आला होता. शेडमध्ये गाडी जॅकवर उभी होती, मागून पोकळ. निखिल आणि मगदूम आपापला मुद्दा मांडायला लागले. किती ताकद सोसेल, किती झटका सोसेल, किती वर्षं टिकेल. वीणानं दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला एकच सांगा. तुटल्यावर चाक कुठं जातं?"

"वहिनी, तुटणारच नाही ना," निखिल म्हणाला.

"माझे पेशंट पडणारच नाहीत असं मी कधी धरत नाही," ती म्हणाली. "काठी देते, व्यायाम देते. पण पडले तर कुठं आपटतील, तेही बघून ठेवते. घरात जाऊन टीपॉय हलवते. म्हणून विचारतेय. तुटल्यावर चाक कुठं जातं?"

मगदूमांनी हात पुसले. "खरं सांगायचं तर वैनी, जाड केला तर लौकर तुटायचा न्हाई. पण तुटला तर चाक त्याच्यासंगट जाणार. कारण या गाडीत एकच दांडा चाकाला फिरवतो, आणि गाडीचं वजनही त्योच धरतो."

"आणि ते पुण्याकडचं, तळ कापायचं?"

"ते भारी हाय," मगदूम म्हणाले. निखिलनं मान डोलावली, तसे मगदूम पुढं म्हणाले, "त्यात चाक सहसा जागचं जात न्हाई. पण तळ कापून गाडी पुन्हा सरळ राहील का, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाई."

"मग चाक न जाणारं, आणि तळही न कापणारं काही आहे का?"

मगदूम तिला शेडच्या मागं घेऊन गेले. आम्ही दोघं मागोमाग. तिथं एका छोट्या मालवाहू ट्रकचा ॲक्सल पडला होता, मातीनं माखलेला. त्यांनी चाकाच्या मधला तो टोपीसारखा फुगवटा उघडून दाखवला. इथं चाक नळीवरच बसतं, वजन नळी धरते. आतला दांडा फक्त फिरवतो. उद्या दांडा तुटला तरी चाक जागच्या जागी राहतं. गाडी नुसती चालायची थांबते. त्यांनी मधला दांडा हातानं ओढून पार बाहेर काढला, आणि चाक ज्याला जोडतात ते हब तसंच नळीवर बसून राहिलं. वीणानं वाकून ते हात लावून फिरवून पाहिलं. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवते, तसा तिचा हात होता.

"हा घालता येईल?"

"दोन्ही अंगानं कापून अरुंद करावा लागंल. पण गाडीचा तळ तसाच राहतो. घालता येईल."

"वहिनी, हे ट्रकचं आहे," निखिल कळवळून म्हणाला. "प्रचंड जड. खड्ड्यात मागची बाजू उड्या मारेल. रेशोपण ओझं ओढायचा आहे, इंजिन नुसतं ओरडणार आणि गाडी पळणार नाही. आणि ते हब! एवढ्या सुंदर गाडीला टेम्पोचं चाक?"

तो म्हणत होता त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मगदूमांनीही मान डोलावली. मग तिघांनीही माझ्याकडं पाहिलं. आणि मी म्हणालो, "विचार करतो."

परतीच्या मेट्रोत वीणा म्हणाली, "मी फक्त विचारलं हं. घाल असं म्हटलेलं नाही."

"मग काय घालू?"

"गाडी तुझी आहे, श्रीधर."

मी इतका गोंधळलो की आमचं स्टेशन गेलं आणि आम्ही दोघंही पुढच्या स्टेशनला उतरून उलटे आलो. हिला ती गाडी हवी आहे की नको? नको असेल तर इतक्या बारकाईनं विचारते कशाला? आणि हवी असेल तर त्या दिवसापासून गप्प का? तिचं गप्प राहणं, तिचा प्रश्न, तिचं 'मी फक्त विचारलं', या तिन्हींचा मेळ मला घालता येईना.

मधले बरेच दिवस असेच गेले. अवरेचा भर आला होता. आमच्या रस्त्यावर घरोघरी सालींचे ढीग पडत, गायी ते खायला येत, आणि दुपारी दुकानाच्या पायरीवर शेजारच्या अक्का शेंगा सोलत बसत. मला कुणी काही विचारलं तर मी भलतंच उत्तर देई. एकदा एका बाईंना मलम देताना, दिवसातून दोनदा लावा असं सांगायच्या ऐवजी, दोन्ही बाजूंनी कापा, असं म्हणालो. त्या घाबरून गेल्या.

शेवटी एके दिवशी दुपारी दुकान बंद करून मी बसनं आनेकलला गेलो. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. त्या बाईंना बघावं, एवढंच. शेतात त्या नव्हत्या. त्यांच्या सुनेनं सांगितलं, नात्यातल्या लग्नाला गेल्यात, बऱ्या आहेत, चाकाची गोष्ट सगळ्यांना सांगतात आणि दर वेळी चाक मोठं मोठं होत जातं. मी हसलो. मग बांधापर्यंत चालत गेलो. चाक आदळलं होतं तिथं मातीत खळगा होता, त्याच्या कडेनं आता गवत उगवलेलं. मी तिथून रस्त्याकडं पाहिलं. आतापर्यंत मी सगळं रस्त्यावरून पाहत आलो होतो, गाडीत बसून. इथं उभं राहिल्यावर रस्ता डोक्याच्या वर होता. तिथून वेगानं येणारी गाडी दिसते, पण तिच्यातली माणसं दिसत नाहीत. आतल्या माणसांना काय हवंय, किती मजा येतेय, यातलं काही काही इथवर पोचत नाही. इथं पोचतं ते फक्त चाक.

तिथूनच मी मगदूमांना फोन केला. "ट्रकचाच घाला."

"नक्की न्हवं का, अण्णा?"

"नक्की." आणि फोन ठेवल्याबरोबर वाटलं, चुकलो की काय.

तो ॲक्सल आजही गाडीखाली आहे. तुटलेला नाही. मजबूत वस्तूचं हेच अवघड असतं. ती घेतली म्हणून वाचलो, की तिची कधी गरजच पडणार नव्हती, हे ती सांगत नाही. नुसती असते. परवा अवरेचा वास आला तेव्हाही मी हाच हिशेब मनाशी करत होतो, आणि तो जुळत नाही हे मला इतक्या वर्षांनी पाठ झालं आहे. निखिलला अजून वाटतं, मी एका सुंदर गाडीचं वाटोळं केलं. मगदूमांना वाटतं, इंजिनच छोटं करायला हवं होतं, पण ते मला बोलायचे नाहीत.

त्या वर्षी गाडी तयार झाली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. बाजारातल्या शेंगा राठ झाल्या होत्या, वास विरला होता. मगदूमांनी नळी इतकी सरळ जोडली होती की जोड हातालाही लागत नव्हता. चाकांतून मात्र ते दोन लोखंडी फुगवटे बाहेर आले होते, आणि खरंच, टेम्पोसारखे दिसत होते. पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तर मागून एक सूर लागला. जातं दळतंय असा, घूं. वेग वाढला की सूर चढायचा. पीण्याच्या खड्ड्यांत मागची बाजू खरोखरच उड्या मारत होती. घरापर्यंत येताना मी मनातल्या मनात निखिलची माफी मागत होतो.

दारात वीणा उभी होती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. फुगवट्यावर बोट वाजवून पाहिलं. मग पुढचं डावं दार उघडून आत बसली. "चल."

"कुठं?"

"त्याच रस्त्याला."

शहर संपलं. आनेकल मागं पडलं. रस्ता तसाच होता, रानं तेवढी पिवळी पडलेली. मी गाडी हळू चालवत होतो, एखाद्या पेशंटला घरी नेत असल्यासारखी. मागून घूं आवाज येत होता. वीणा काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी पाय सैल सोडला, सूर खाली आला.

"काय म्हणालीस?"

तिनं खिडकीची काच वर केली. "त्या दिवशी मी काय म्हणाले ते ऐकलंस ना तू?"

"चाक म्हणालीस."

"त्याच्या आधी."

मी आठवून पाहिलं. आधी काहीच नव्हतं. ऊन होतं, मोकळा रस्ता होता, इंजिनाचा आवाज होता. मी मान हलवली.

"मी 'अजून' म्हणाले होते," वीणा म्हणाली. "तू दाबलंस, गाडी सुटली, आणि मी म्हणाले, अजून. मोठ्यानं म्हणाले. मग तू आणखी दाबलंस आणि तुटलं."

मी गाडी आणखी हळू केली.

"मला इतकं छान वाटत होतं, श्रीधर. इतकं छान मला कधी वाटलं नव्हतं. आणि मग ती बाई दिसली. हे तुझ्याजवळ बोलायचं कसं? मला वाटलं, तू ऐकलंयस आणि मला दोष लागू नये म्हणून गप्प आहेस. रोज समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत बसायचास. मला वाटायचं, आता बोलेल, आता बोलेल."

"मला काही ऐकू आलं नव्हतं," मी म्हणालो.

"खरंच?"

"खरंच. माझं मीच दाबलं होतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. सगळा हिवाळा मी तिचा राग शोधत होतो आणि ती माझा. दोघांनाही सापडला नव्हता, कारण तो नव्हताच. तिनं तोंडावर हात धरला. रडते की हसते ते मला कळेना. मधेच एक हुंदका ऐकू यायचा आणि मधेच खुदकन काहीतरी. मी रुमाल शोधायला खिशात हात घातला, तर औषधाची एक स्ट्रिप हाताला लागली, तीच मी तिच्यापुढं धरली. मग मात्र ती हसायलाच लागली.

डोळे पुसून झाल्यावर तिनं पुढं पाहिलं. रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंची शेतं कापून झाली होती, लांबवर कुणी माणूस नव्हतं. तिनं मान वळवून उजवीकडं, डावीकडं, दोन्हीकडं नीट पाहून घेतलं. मग गुडघा वाकवायला सांगते त्या रोजच्या आवाजात म्हणाली, "अजून."

मी गडबडलो. तिला हवंय की ती मला जोखतेय? मला हवंय का? पाय थोडा दाबला. मग आणखी थोडा. इंजिन चढलं, मागचा सूर चढला, ट्रकच्या दातेरी चाकांनी आपल्या धिम्या हिशेबानं गाडी पुढं रेटायला सुरुवात केली. वेग तसा काहीच नव्हता, एखादी बसही मागं टाकून गेली असती. पण मी इतका गोंधळून गेलो होतो की गिअर बदलायचंच विसरलो. इंजिन आकांतानं ओरडत राहिलं, मागची बाजू खड्ड्या-खड्ड्यावर उडत राहिली, आणि वीणा दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून, केस तोंडावर आलेले, जोरजोरात हसत राहिली.